दादाच्या तोंडचं शेवटचं वाक्य

आई, लोक मला विचारतात, "नाटकं लिहायला कुठं शिकलात?" आणि मी काहीतरी थातूरमातूर सांगून सुटते. कर्जतकडच्या शेतकऱ्याची पोर, घरात कुणी नाटक पाहिलेलं नाही. खरं सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही. वडील मी रांगत असतानाच गेलेले, आणि दुसरी मोठी लढाई संपायच्या सुमारास दादा पटकीनं गेला. एरवी कुणाच्याही मयताला तू हेल काढून अशी रडायचीस, गेलेल्या माणसाचं बोलणं असं उचलायचीस, की दगडालाही पाझर फुटावा. आणि पोटचा पोरगा गेला तर तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही. भिंतीला टेकून नुसती बसलीस. चुलती घाबरली. मला पुढं ढकलून म्हणाली, "ही रडली न्हाई तर हिचं काय खरं न्हाई. तू बोल गं पोरी, त्याच्यावानी बोल." मी तुझ्यासमोर बसले आणि दादा शेतातून आल्यावर ओरडायचा तशी ओरडले, "आये, लई भूक लागली, वाढ की!" तू असा हंबरडा फोडलास की मीच भ्यायले.

मग तुला त्याची चटकच लागली. भाकरी थापता थापता म्हणायचीस, "आज काय म्हनतोय त्यो?" की मी दादा व्हायचे. कालवणात मीठ नाही म्हणून तुझ्याशी भांडायचे, बैलांना शिव्या द्यायचे, आलेल्या सोयरिकी मोडायचे. तू हसायचीस, त्याला उत्तरं द्यायचीस. कोणतं वाक्य त्याचं आणि कोणतं नाही, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळायचं. माझी सगळी शाळा ती एवढीच. पण खरं सांगू, मला रागही यायचा. माझं स्वतःचं बोलणं तू कधी ऐकलंस?

पुढं तू तापानं अंथरूण धरलंस. वैद्यानं हात टेकले. भर दुपारी माझं मनगट धरून म्हणालीस, "त्याला इचार, मी येऊ का?" दादाच्या आवाजात मी म्हणाले, "इतक्यात नगं येऊ, आये. हिला कोन हाय?" तू माझा चेहरा निरखलास. मग म्हणालीस, "हे तू बोलतीस. त्यो न्हाई." आणि भिंतीकडं तोंड फिरवलंस. दिवस मावळायच्या आत तू गेलीस.

चुलतीनं मला नगरला मास्तरीण व्हायला पाठवलं. तिथल्या संमेलनाला नाटक हवं होतं, ते मी लिहिलं आणि मग लिहीतच गेले. आता या वयात एका नाटकात तुला आणलंय, आणि हातच चालत नाही. रोज तुझ्या विनवण्या करते, बोल गं, एकदा तरी बोल. काल शेवटी अंथरुणावरच्या त्या बाईच्या तोंडी लिहिलं, "न्हाई जात, बाय. तुझ्यासाठी ऱ्हाते." हे तुझं नाही, माझं आहे. मला कळतं. तरी खोडलं नाही.