खिडकीत धरलेलं पुस्तक

६ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीनं भिंगरीसाठी खोलीला पिवळा रंग दिल्याचं वाचलं आणि पत्र लेकीपासून लपवूनच ठेवलं. पिवळा म्हटलं की ती उद्याच बॅग भरून दारात उभी राहील. तिथल्या शाळेतली जागा तू महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहेस, तेव्हा माझं उत्तर त्याच्या आत येईल. आपलं ठरलंय तेच. ही सुट्टी मी एकटीनं निभावली तर भिंगरी माझ्याजवळ राहील. नाही जमलं, तर शाळा उघडताना तुमच्याकडे, निदान वर्षभर. हे गेल्यापासून तू एकदाही 'एकटीला जमणार नाही, मी सांगत नव्हतो?' म्हणाला नाहीस, याची मला जाण आहे.

तर आता मी काय जमवलंय ते ऐक. मी बस चालवते त्या मार्गावर सार्वजनिक वाचनालय आहे. सुट्टीभर तिथे मुलांसाठी सकाळी गोष्टी, मग नकाशे, कातरकाम, दुर्बीण बनवणं असलं काहीबाही आणि दुपारी खेळ. डेपोत जाण्याआधी मी तिला डब्यासकट सोडते, ड्यूटी संपली की घेऊन येते. तिथल्या ग्रंथपाल बाईंचं नाव मुलांनी 'हळूबाई' ठेवलंय, कारण दर दोन वाक्यांनंतर त्या 'हळू!' म्हणतात, आणि ते खालच्या मजल्यावरही ऐकू जातं.

पहिले दोन दिवस भिंगरी रडली. बाईंना मात्र तिनं सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलंय. कारण मला ठाऊक आहे. बाबा नेहमीसारखे कामाला गेले आणि आलेच नाहीत, तसं आईचं झालं तर? आठ वर्षांच्या पोरीला हे कसं समजवायचं, मला काही सुचेना. तोड बाईंनीच काढली. मुलांचा विभाग वरच्या मजल्यावर आहे आणि त्याची मोठी खिडकी नेमकी आमच्या थांब्यावर उघडते. आता माझी गाडी थांब्याला लागली की भिंगरी खिडकीत येते आणि वाचत असेल ते पुस्तक काचेला लावून धरते. मी दिवा एकदा मिचकावते. की झालं, पुढच्या फेरीपर्यंत दोघी निवांत. आता गाडीतले नेहमीचे लोकही माना वर करून बघतात. एक आजोबा तर काल तक्रार करत होते की पोरगी चार दिवस त्याच देवमाशाच्या पुस्तकात अडकलीय, कुणीतरी तिला बाहेर काढा.

वहिनीला म्हणावं, रंग छान वाळू दे. लोभ आहे म्हणून तर एवढं लांबण लावलं. तो असाच राहू दे.

तुझी,
सारथी


१३ मे

चि. सारथीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. देवमाशापाशी ती खूप हसली आणि मग स्वच्छच असलेला ओटा पुन्हा पुसत बसली. तुला आमचं घर माहीत आहे. दोन माणसं, चार खुर्च्या. दुकानात दिवसभर गडबड असते, पण घरी आलं की आम्ही एकमेकांना तेच ते सांगतो. पण ते असो. आमच्यासाठी म्हणून तू काही करू नकोस.

खिडकीची युक्ती गोड आहे. पण मी पडलो चष्मेवाला, माझा जीव लोकांच्या नजरेत अडकलेला. बस चालवणाऱ्या बाईची नजर रस्त्यावर हवी, वरच्या मजल्यावर नको. आणि एखाद्या दिवशी भिंगरी खिडकीत नसली तर तू काय करशील? वहिनी म्हणते की असलं अभद्र लिहू नये. मी लिहिलं. मोठा भाऊ आणखी कशासाठी असतो?

हळूबाईंना माझा नमस्कार सांग. भाचीच्या डोळ्यात वरचेवर काही जात असेल तर तिला मामाकडे पाठव म्हणावं, आमचा धंदाच तो आहे. प्रकृतीला जप, पाणी पीत जा, आणि आमच्यावरची माया थोडा आळस झटकून पत्रातून पाठवत जा.

तुझा,
दादा


२३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू विचारलं होतंस ना, ती खिडकीत नसली तर काय करशील? मंगळवारी दुपारी कळलं.

गाडी थांब्याला लावली, वर पाहिलं, खिडकीत कुणी नाही. दिवा मिचकावला. पुन्हा मिचकावला. माणसं चढली, कंडक्टरनं घंटी दिली, आणि मी गाडी बंद करून खाली उतरले. भरली गाडी, दादा. जिना कसा चढले ते आठवत नाही. गोष्टींच्या खोलीत कुणी नव्हतं. नकाशांच्या टेबलावर नुसत्या कात्र्या. मग मागच्या दालनातून 'हळू!' ऐकू आलं, तशी मी तिकडे धावले.

तिथे फरशीवर खडूनं भलीमोठी सापशिडी आखली होती आणि मुलंच सोंगट्या होऊन घराघरांत उभी होती. शिडी चढायची तर वाचलेल्या पुस्तकातलं काहीतरी सांगायचं, साप गिळायला आला तर बाकीच्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. घर सोडलं की बाद. आमची भिंगरी सगळ्यात वरच्या ओळीत उभी राहून देवमासा श्वास कसा घेतो ते हातवारे करून सांगत होती. मी तिला मिठी मारायला पुढे झाले, तर तिनं मलाच झापलं, की मी एका मुलाच्या घरात पाय ठेवलाय आणि मला खेळायचं असेल तर खालून सुरुवात करावी लागेल. सगळी मुलं हसली. युनिफॉर्म घातलेली मी, घामानं निथळत, सापाच्या शेपटीवर उभी.

खाली येते तो गाडीत गोंधळ चाललेला. कंडक्टर बिचारा लोकांना सांगत होता की इंजिन तापलंय. एका बाईंनी सुनावलं की इंजिन नाही, ड्रायव्हरच तापलेली दिसतेय. त्याच बाईंनी तक्रार केली, आणि त्यांचं काही चुकलं नाही. साहेबांनी लेखी समज दिली आणि सोमवारपासून मला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मार्गावर टाकलंय. म्हणजे आता तो थांबाही नाही आणि ती खिडकीही नाही.

आणखी एक, हे फक्त तुलाच. ती सापडल्यावर मला नुसता आनंद व्हायला हवा होता. पण घरी येताना तिनं सहज सांगून टाकलं की खेळात माझी गाडी यायची वेळ झाली हे तिच्या लक्षातच नव्हतं. मला कुठेतरी खुपलं. जिच्यासाठी मी अख्खी गाडी उभी केली, तिच्या मी ध्यानातही नव्हते.

मी हरले, दादा. पुढच्या रविवारी तिला घेऊन येते. तिला अजून सांगितलेलं नाही. शाळेत जागा पक्की कर. लोभ तर आहेच, त्यात थोडी माझी कीवही असू दे.

तुझी,
सारथी


२८ मे

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

मी पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी बिनसलंय असं समजू नकोस. 'फक्त तुलाच' म्हणून लिहिलेलं तुझं पत्र मीही वाचलं, आणि हे लगेच शाळेत पक्कं करायला निघाले. मी त्यांच्या चपला लपवल्या. अजून दिलेल्या नाहीत, म्हणून आज दुकान उशिरा उघडेल.

भिंगरीला पाठवू नकोस.

आमच्या दुकानात लहान मुलं डोळे तपासायला येतात. काही जणं आईचा हात सोडतच नाहीत. आई पाणी प्यायला उठली तरी त्यांचा चेहरा पडतो. आणि काही असतात, त्यांना आई बाहेर जाऊन आली तरी पत्ता नसतो. आरशासमोर एकेक फ्रेम घालून वेडावत बसतात. इतकी वर्षं बघून मला एवढंच कळलंय की आई परत येईल की नाही ही धास्ती पहिल्यांना असते, दुसऱ्यांना नसते. या महिन्याच्या सुरुवातीला आपली भिंगरी पहिल्यांतली होती. त्या मंगळवारी ती तुला विसरून खेळत होती. तू येणारच, हे तिला आता इतकं पक्कं ठाऊक झालंय की खिडकीत जाऊन खात्री करायची गरज तिला उरली नाही. हे तू केलंस. हळूबाईंनी हात लावला असेल, पण केलंस तू. आणि तू त्याला हरणं म्हणतेस?

आत्ता तिला उचलून इथे आणलंस, तर तिला काय वाटेल? आईला विसरले म्हणून आईनं पाठवून दिलं. हे तिच्या मनातून मी कितीही लाड केले तरी पुसता येणार नाही.

मला ती हवी होती. खोटं कशाला लिहू? रंगवाल्याला घालवून देऊन रंगाचे दोन्ही हात मीच दिले. पण मला हवी आहे, हे तिला इथे आणायला पुरेसं कारण नाही. शाळा सुटल्यावर वाचनालय उघडं असतं का, ते बाईंना विचार. आणि वेळ संपल्यावर तू येईपर्यंत कोण थांबेल, तेही विचार. मागून बघ, लोक देतात. तू कधी मागतच नाहीस, हा तुमच्या घराण्याचाच दोष आहे.

रागावू नकोस. माया होती, आहे, आणि हे लिहिताना थोडी जास्तच आहे.

तुझी,
वहिनी

ता. क. चपला मिळाल्या. वाचलं सगळं. हिचं ऐक, मीही ऐकतोय. शाळेला नाही म्हणून कळवून येतो. आणि घराण्याच्या दोषाबद्दल नंतर सविस्तर बोलू. — दादा


५ जून

प्रिय मामी,
सा. न. वि. वि.

असं लिहायचं असतं असं आई म्हणाली. पण याचा पूर्ण अर्थ तिला येत नाही. हळूबाईंना येतो. त्यांनी सांगितला तेव्हा तो खूपच मोठा होता, म्हणून मी लिहीत नाही.

आईनं मला सांगितलं की मी तुमच्याकडे राहायला येणार होते आणि तू नको म्हणालीस. मला आधी राग आला. मग आई रडली, पण खूश होती. मोठ्या माणसांचं मला काही कळत नाही. माझं देवमाशाचं पुस्तक संपलं. आता मी विहिरीत उतरणाऱ्या माणसांचं वाचते आहे.

शाळा सुरू झाली की मी दुपारनंतर वाचनालयात जाणार. हळूबाईंना आईनं विचारलं, तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला की बाईंनाच तिला 'मोठ्यानं' म्हणावं लागलं. त्या कुलूप लावेपर्यंत मी त्यांना पुस्तकं लावायला मदत करणार. आई नव्या मार्गावरची ड्यूटी संपली की चालत येते. काल खेळ संपायचा होता म्हणून तिला थांबायला सांगितलं, तर ती लहान मुलांच्या खुर्चीत झोपून गेली. तिला उठवायला तिघं लागली.

आम्ही पुढच्या आठवड्यात आठ दिवस तुमच्याकडे येतोय. आई गाडी चालवणार नाही, मागे बसणार. पण ती ड्रायव्हरला शिकवणार, बघच तू.

आणि मामी, एक आधीच सांगून ठेवते. तुमच्या गल्लीत मुलं असतील तर मी खेळायला जाणार, आणि खेळताना तू माझ्या लक्षात राहणार नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस. आईलासुद्धा मी अशीच विसरते.

मामाला नमस्कार. तुला पण, आणि पापा.

तुझी,
भिंगरी