गराजवरच्या शहराची वाटणी

मी, प्रल्हाद गोविंद खासनीस, वय एकाहत्तर, मूळचा साताऱ्याचा, राहणार कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, औषधांच्या कंपनीतून निवृत्त, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे एकच माणूस या घरात होते, माझी पत्नी सुहासिनी, आणि ती मागच्या वर्षी गेली. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत, म्हणून हे आजच उरकतो.

वकिलांनी इंग्रजीत मसुदा केला होता. त्यात मी बांधलेले तेनोच्तित्लान शहर 'छंदाचे किरकोळ सामान' या सदरात, लॉनमोअरच्या खाली घातले होते. मी तो परत पाठवला. सही करताना मराठी वाचता येणारे दोन साक्षीदार लागतील एवढे त्यांनी सांगितले, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हेही सांगितले.

कलम १. घर आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी स्वानंदी, राहणार रेडमंड, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हिला. घर ती विकणार हे मला ठाऊक आहे. "बाबा, माझा जॉब इकडे, मुलांची स्कूल इकडे, मी कॅरीत येऊन काय करू?" असे ती म्हणाली, आणि ते बरोबर आहे. सुहासिनीची तुळस मात्र नव्या मालकाला देऊ नये. तो ती पास्त्यात घालील.

कलम २. करवत, रंधा, ड्रिल आणि बाकीची हत्यारे मागच्या गल्लीतल्या रवी मुजुमदारला. तशी ती त्याच्याकडेच आहेत.

कलम ३. महाराष्ट्र मंडळाला काहीही नाही. एका गणेशोत्सवात त्यांनी माझे अॅझ्टेक संस्कृतीवर व्याख्यान ठेवले आणि मी रंगात येतो न येतो तोच आरतीचे ताट आणून समोर ठेवले. मी तेव्हा उदयापर्यंतच आलो होतो. अस्त मंडळाला सांगायचा राहून गेला.

कलम ४. शहर. गराजवरच्या खोलीत मी तेनोच्तित्लान, म्हणजे अॅझ्टेकांची राजधानी, छोट्या आकारात बांधली आहे: तळे, त्यातले बेट, बेटाला जोडणारे बांध, मधोमध मोठे देऊळ. प्लायवूड, माती आणि फटी बुजवायची लांबी. शहर एकाच तुकड्यात आहे आणि खोलीचा जिना अरुंद, वळणाचा आहे. बांधताना हा विचार सुचला नाही. घर विकले की शहर बाहेर काढायचे, तर ते कापावे लागेल. या एका गोष्टीने मला ऑपरेशनपेक्षा जास्त त्रास दिला आहे.

का, ते सांगतो. अॅझ्टेक हे मेक्सिकोच्या खोऱ्यात सगळ्यांत उशिरा आलेले लोक. चांगली जमीन आधीच्यांनी धरलेली. यांच्या वाट्याला तळ्यातले दलदलीचे बेट आले. मग शेजारच्या राजांच्या लढाया लढून दिल्या, चिखल उपसून पाण्यात मळे उठवले, आणि ज्यांची चाकरी केली त्यांनाच एक दिवस हरवले. शंभर वर्षांत चहूकडून खंडणी यायला लागली, मका, कापूस, कोको, रंगीत पिसे, आणि बळी द्यायला माणसेही. मी एकोणसत्तर साली या देशात आलो तेव्हा लायब्ररीत हे वाचले आणि वाटले, बळी सोडले तर ही आपलीच गोष्ट आहे.

मग समुद्रापलीकडून काहीशे स्पॅनिश शिपाई आले. एवढ्याशा लोकांनी एवढे शहर कसे पाडले, तर देवीच्या रोगाच्या साथीने, असे मी सांगत असे. सुहासिनी म्हणायची, "साथ आली हे खरं. पण त्या शिपायांबरोबर आजूबाजूचे हजारो लोक चालून आले, ते का आले?" ते आले कारण खंडणी भरून भरून विटले होते. शेवटी वेढा पडला. एक घर पाडायचे, त्याच्या दगडमातीने एक कालवा बुजवायचा आणि पुढे सरकायचे, असे करत त्यांनी शहर संपवले. म्हणून मला करवत नको वाटते.

कलम ५. माझा धाकटा भाऊ प्रसाद याच्याविषयी. चौऱ्याऐंशी साली मी त्याला इकडे आणला, माझ्याच कंपनीत चिकटवला. दोन वर्षे तो आमच्याकडे राहिला आणि शहराच्या उत्तरेचा त्लातेलोल्कोचा बाजार त्याने केला. सुहासिनी त्याला मोहरी, राजगिरा, सुक्या मिरचीचे बी काढून द्यायची आणि तो ते काडेपेटीच्या लाकडाच्या टोपल्यांत भरायचा. राजगिरा अॅझ्टेकही खात, हे कळल्यावर दोघांना किती आनंद झाला होता.

पुढे त्याने नोकरी सोडली आणि आयसेलिनला ओक ट्री रोडवर मसाल्यांचे दुकान काढले. दिवाळीला मात्र आमच्या सगळ्या गोतावळ्याने माझ्याकडे जमायचे, हा रिवाज होता. एका वर्षी त्याचा फोन आला.

"दादा, या वेळी नाही जमणार. सीझन आहे, दुकान क्लोज करून कसा येऊ?"

"तुला अमेरिकेत आणलं कोणी?"

"तू आणलंस, मान्य. पण त्याची खंडणी किती वर्षं भरायची?"

हा शब्द तो माझ्याच पुस्तकांतून शिकला होता. त्यानंतर तो दिवाळीला आला नाही. सुहासिनी गेली तेव्हा आला, पण मोटेलात उतरला. घरात तीन खोल्या रिकाम्या होत्या. त्याचा मला अजून राग आहे, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटते.

कलम ६. त्लातेलोल्को हे त्याच बेटावरचे जुळे गाव. माणसे तीच, भाषा तीच, देवही तेच. थोरल्या शहराने भांडण उकरून त्यांचा राजा मारला आणि सख्ख्यांवर खंडणी बसवली. पण वेढा पडला आणि दोस्त राज्ये एकेक करून फिरली, तेव्हा थोरल्या शहराचे लोक मागे सरत सरत त्लातेलोल्कोतच शिरले, आणि त्या लोकांनी त्यांना घेतले. शेवटच्या दिवसापर्यंत दोघे मिळून लढले. त्यांनी असे का केले, हे इतकी वर्षे वाचूनही मला कळलेले नाही.

कलम ७. सबब शहर रवीने कापावे. देऊळ स्वानंदीला. त्लातेलोल्कोचा बाजार प्रसादला. तो घेईल अशी अपेक्षा नाही.

सहीपूर्वीची जोड. स्वानंदीने न विचारता प्रसादला फोन केला आणि तो काल आयसेलिनहून आठ तास गाडी चालवत आला. मोटेलात गेला नाही, सुहासिनीच्या शिवणाच्या खोलीत झोपला. आज रस्त्यांवर बर्फ आहे. पहिला साक्षीदार रवी चालत आला. ठरलेल्या दुसऱ्या साक्षीदार, मंडळातल्या ओळखीच्या सुलभा नेर्लेकर, यांची गाडी त्यांच्या दारातच अडकली. सोमवारच्या आत सही झाली पाहिजे.

प्रसादने चष्मा लावून सगळी कलमे वाचली, पाचवे दोनदा, आणि माझ्याकडे पेन मागितले.

"साक्षीदाराला काही मिळत नाही," मी म्हणालो. "तुझा बाजार जाईल."

"मग सातवं कलम कॅन्सल कर."

"तुला काहीच उरत नाही, प्रसाद."

"दादा, मी घ्यायला नाही आलोय. मंडे मॉर्निंगला तुला हॉस्पिटलमध्ये कोण ड्राइव्ह करून नेणारेय, ते सांग आधी."

मग मी कलम ७ माझ्या हाताने खोडले. त्याऐवजी:

कलम ७ (नवे). त्लातेलोल्को तेनोच्तित्लानपासून कापू नये. शहर सबंध राहावे आणि सबंधच स्वानंदीला जावे. ते बाहेर काढण्यासाठी गराजवरच्या खोलीची रस्त्याकडची भिंत पाडावी. खर्च घराच्या विक्रीतून करावा. घर गिऱ्हाइकाला आवडले नाही तरी चालेल.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि तो दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून पक्का करीत आहे.

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
शनिवार, २९ जानेवारी २००५

(सही) प्रल्हाद गोविंद खासनीस

साक्षीदार पहिला: (सही) रवी मुजुमदार, शेजारी. हत्यारांवरील हक्क सोडला. ती परत आणून देतो.

साक्षीदार दुसरा: (सही) प्रसाद गोविंद खासनीस, सख्खा भाऊ. या मृत्युपत्राने त्याला काहीही मिळत नाही.