सोळा कामांच्या यादीत नसलेला मांडा

माय,

आज २ मार्च १९४७, सकाळचे साडेदहा. एरंडोलला बहिणीकडे आलो आहे. तिच्या थोरलीचे उद्या लग्न, म्हणून मागच्या आवारात मांडे चालू आहेत आणि मी कुडाला टेकून ते पाहतो आहे. बहीण दोनदा म्हणाली, "दादा, माणसं बठ्ठा पुढे शेतस, तू आठे काय करस?" पुरुष सगळे पुढच्या अंगणात होते. बाया हसल्या. एकीने मला पुरण वाटायला बसवा म्हणून सुचवले. मी उठलो नाही. मांडा होताना मी आज पहिल्यांदा पाहिला. आजवर तो पंगतीत, घडी होऊन ताटात आलेलाच पाहत होतो.

गोळा मुठीएवढा असतो. बाई तो दोन्ही हातांवर झेलत वाढवते. पंजा पार मागे झुकतो, लगेच आत वळतो, मांडा या हातावरून त्या हातावर जातो, कोपरापर्यंत उतरतो आणि मग तापलेल्या खापरावर पडतो. कोपर फारसे हलत नाही. सगळे काम मनगटाचे आहे.

तुझे उजवे मनगट बैलगाडीवरून पडल्यापासून दुखायचे. जात्याचा खुंटा धरला की तू ओठ चावायचीस. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, शाळा अर्धी सोडून जिनात कापसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिहीत होतो. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले की मनगटात आठ बारीक हाडे असतात. तुझे त्यातले एक मोडून झिजले आहे. ते काढून शेजारची काही हाडे एकमेकांना सांधली तर दुखणे जाईल. सगळेच मनगट सांधले तर हात काठीसारखा होतो. मोजकीच हाडे सांधली तर अंदाजे निम्मी हालचाल उरते.

निम्मी पुरेल का, याने माझी झोप उडाली. शाळेच्या पेटीतला कोनमापक घेऊन मी चार दिवस तुझ्यामागे घरभर फिरलो. भाकर थापताना, पाणी ओतताना, घास घेताना, वेणी घालताना मनगट किती झुकते ते मोजले. सोळा कामे सुवाच्य लिहून काढली. बहुतेकांना निम्म्याहूनही कमी लागत होते. मला हायसे वाटले.

शस्त्रक्रियेनंतर हात प्लास्टरमधून निघाला तेव्हा दुखणे खरेच गेले होते. तू दळू लागलीस, घागर उचलू लागलीस. लुगडे पिळताना कोपर बाहेर काढायचीस, एवढेच. देवापुढे हात जोडलेस की तळवे मिळावेत म्हणून बोटे पुढे करावी लागत. तू देवाला दटावतेस, असे बहीण म्हणायची. मी सोळाही कामांपुढे खुणा केल्या आणि खाली तारीख घातली.

मग गावातल्याच एका लग्नात तुला नेहमीसारखे मांड्यांना बोलावले. दुखत्या हाताने तू दहा वर्षे ते करत आली होतीस. नवरीकडची माणसे तुझा होकार आल्यावर दिवस पक्का करत. त्या दिवशी तुझे तीन मांडे हातातच फाटले. तू जागा दुसरीला दिलीस आणि गोळे करत बसलीस. हे बहिणीने मला सांगितले. तू घरी येऊन पाय धुतलेस आणि शांतपणे विचारलेस, "भाऊ, तुन्हा कागदवर मांडा व्हता का?"

नव्हता. पंगतीत बसणाऱ्याला तो काम म्हणून दिसलाच नव्हता. पुढे बोलावणे आले की तू निरोप धाडायचीस, हात दुखतो. हात तर दुखत नव्हता.

तू जाण्याच्या आदल्या वर्षी, शेंगा फोडताना, एकदाच विषय काढलास. "डाक्टरनी इचारं नही का, हाऊ हात काय काय काम करस?" मी नाही म्हणालो. तू मान हलवलीस आणि पुढची शेंग घेतलीस.

डॉक्टरांनी विचारले होते, माय. मला एकट्याला व्हरांड्यात नेऊन ते म्हणाले होते, "कोणते काम सुटले तर त्यांना वाईट वाटेल, ते त्यांनाच विचार आणि उद्या मला सांग." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे माझी यादी वाचली. तुला विचारले नाही. विचारले तर तू नको म्हणशील, अशी मला भीती वाटली होती.