आत्याबाई कोणी नेली?

रा. रा. साडूबुवा यांस,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण साष्टांगाला पालथं पडावं लागतं, आणि माणूस पालथा पडला की तुम्ही त्याच्या पाठीमागे काय कराल याचा मला आता भरवसा उरलेला नाही.) आम्ही इकडे ठीक. तुमची मान कशी आहे? दिवसभर वाकून लोकांच्या कवळ्या घासत बसता म्हणून विचारतो. काळजी म्हणून नव्हे, रीत म्हणून. धाकटीला आशीर्वाद. तिचा खोकला गेला का ते कळवावं. मला नको, हिला कळवावं, कारण धाकट्या बहिणीची काळजी ही करते आणि ती ऐकावी मला लागते.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझा तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो आणि चौथ्याला तुम्ही "भाऊ, नंतर बोलू" म्हणून ठेवून देता. पत्र असं ठेवून देता येत नाही. (देता येतं, पण धाकटी ते उचलून घरभर मोठ्याने वाचेल हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच सगळं पहिल्यापासून आणि तिला समजेल असं लिहितो. आपला नवरा काय चीज आहे ते तिलाही कळू दे.)

तर मला सांगा, हा बंदुकांचा गेम माझ्या गळ्यात कोणी मारला? तुम्ही. मी रविवारी पेपर तोंडावर घेऊन पडणारा सज्जन माणूस. "भाऊ, एकदा खेळून तर बघा" म्हणत तुम्ही माझ्या टीव्हीला ते यंत्र जोडून दिलंत, आणि मग तुम्ही तुमच्या घरून, मी माझ्या घरून, कानाला हेडफोन लावून आपण दोघं त्या पडक्या गिरणीत शिरायला लागलो. तिथे लोखंड्या राहतो. अंगभर पत्रे ठोकलेला धिप्पाड राक्षस. भट्टीचं दार वर जातं, तो बाहेर येतो आणि दर वेळी तेच ओरडतो की आज तुझी वेळ भरली. मी पुढे उभं राहून मार खायचा, तुम्ही मागून जाऊन त्याच्या पाठीवरच्या बिजागरीत गोळ्या घालायच्या, ही आपली वाटणी. (कवळ्या करणारा हात, नेम चुकत नाही, हे मी आजही नाकारत नाही. मी खोटं बोलणाऱ्यांतला नाही.) तो पडला की त्याच्या अंगातून माल उधळतो: फुटक्या ढाली, गंजकी पिस्तुलं, सगळं भंगार. मात्र नशीब जोरावर असलं तर सोनेरी उजेडाचा एक खांब उभा राहतो आणि त्या खांबाखाली असते आत्याबाई. धाकटीसाठी खुलासा: आत्याबाई ही बंदूक आहे. तिचं खरं नाव भलंमोठं आहे, पण झाडताना ती सारखी कुरकुरते आणि नेम चुकला की टोमणा मारते, म्हणून आपण ठेवलेलं हे नाव. ती नाही निघाली तर खेळातून बाहेर पडायचं, परत आत यायचं, की मेलेला लोखंड्या ठणठणीत उभा, परत ओरडायला तयार! परत मारायचा. परत भंगार. याला तुम्ही लोक शेती म्हणता. कसली डोंबलाची शेती? रोज पेरायचं आणि उगवायचं कधीच नाही!

आणि या शेतीसाठी माझ्या घराने काय काय सोसलं! एकदा लोखंड्या पडला त्याच क्षणी हिने स्वयंपाकघरात मिक्सर लावला आणि नेमकी जांभळी बंदूक निघाली. (जांभळी म्हणजे सोनेरीच्या एक पायरी खाली.) झालं. तेव्हापासून लोखंड्या डगमगायला लागला की मी हाक मारायची आणि हिने रिकामा मिक्सर फिरवायचा. कुठली बायको एवढं सहकार्य करील? शेवटी मिक्सर जळला, घरात धूर झाला, शेजारीण बादली घेऊन धावत आली. तिला काय सांगणार, गिरणीत राक्षस मारतोय म्हणून?

बरं, तुमची माझ्याबद्दल कायमची तक्रार काय, तर मी कचरा उचलतो. "भाऊ, बॅग भरलीय तुमची, टाका ते भंगार." अहो, मी बस स्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसणारा माणूस! जमिनीवर पडलेली वस्तू मला पाहवत नाही. हात आपोआप जातो. लोकांना नाही कदर, मला आहे. आणि लोक तरी कसले! छत्र्या विसरतात, डबे विसरतात, एका पायाचा बूट विसरतात (घरी काय लंगडी घालत जातात?), तुमच्या धंद्यातल्या अख्ख्या कवळ्या विसरतात. विसरा बापडे, माणूस विसरतो. पण शोधायला यायचं नाही? खिडकीवर हातभर अक्षरांत फलक आहे, आत कपाट आहे, कपाटात वस्तू नीट चिठ्ठी बांधून ठेवलेली आहे, पण येतील तर शपथ. आले तर थेट भांडायला: कंडक्टरने लाटली, शेजारी बसलेल्याने ढापली. अहो महाराज, आधी कपाटात बघा आणि मग कोणाला चोर म्हणा! हे वाक्य मी रोज इतक्या जणांना ऐकवतो की मी ते झोपेतसुद्धा बोलतो असं ही म्हणते. म्हणूनच गेममधल्या तळावर तसलंच विसरलेल्या मालाचं कपाट तुम्ही मला पहिल्या दिवशी हौसेने दाखवलंत, तेव्हाच मी सांगून टाकलं की सुट्टीच्या दिवशी असल्या कपाटाचं तोंडसुद्धा बघणार नाही. दिवसभर तेच करतो मी.

आता मुद्द्यावर येतो. त्या रविवारी सकाळी लोखंड्या पडला आणि सोनेरी खांब उभा राहिला. माझ्या डोळ्यांदेखत! मी धावत गेलो, उचलायचं बटण दाबलं, पडद्यावर खाली लाल अक्षरांत काहीतरी आलं (चष्मा कपाळावर होता, अभिनंदन केलं असावं) आणि तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. मिक्सर दुरुस्त करणारा आला होता. कंट्रोलर ठेवून मी दार उघडलं, त्याला तो काळा पडलेला मिक्सर दिला, "यात नेमकं काय वाटत होता?" या त्याच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर दिलं आणि परत आलो, तर खांब नाही, बंदूक नाही, काही नाही. तुम्ही तेवढ्यात बाहेर पडून नवा डाव मांडून बसलेले. विचारलं तर म्हणता, मला तर सोनेरी काही दिसलंच नाही! म्हणे या खेळात ज्याचा माल त्यालाच दिसतो. वा रे वा! एका ताटात वाढलेलं दोघांना वेगळं दिसतं होय? आणि चारच दिवसांत तुमचा फोन, आनंदाने ओरडत, की भाऊ, मला आत्याबाई मिळाली! चोराने मुद्देमाल हातात घेऊन स्वतःच वर्दी द्यावी, हा उद्दामपणा मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

मग सासरेबुवांकडच्या जेवणात मी बोललो. बोलणारच. मार मी खायचा आणि माल तुम्ही न्यायचा? मी सगळ्यांसमोर म्हणालो की या माणसाने माझी बंदूक चोरली. सासरेबुवांना ती खरीच वाटली; त्यांनी हातातला घास खाली ठेवून परवाना कोणाच्या नावावर आहे असं विचारलं. सासूबाईंनी लगेच तुमची बाजू घेतली. घेणारच, त्यांची कवळी तुम्ही केलेली! (तुमच्याच दातांनी तुमच्याविरुद्ध कसं बोलतील?) तुम्ही मात्र ताटावरून उठलात, हात धुतलात, धाकटीला घेऊन गेलात. भांडायला हवं होतंत. भांडला असतात तर मलाही बरं वाटलं असतं.

तेव्हापासून तुमचं येणं बंद. दोघी बहिणी फोनवर बोलतात तेही माझी चाहूल लागली की कुजबुजत. परवा हिने मला सरळ सुनावलं, की एका खेळण्यापायी माझ्या बहिणीचं पाऊल या घरातून तोडलंत. मी म्हटलं, मी तोडलं? मी? चोरी त्यांनी करायची आणि पाऊल मी तोडायचं? पण हिच्यापुढे आजवर कोणाचं चाललंय?

खेळाचं म्हणाल तर मी काही तुमच्यावाचून अडून बसलेलो नाही. अनोळखी भिडू मिळतात. एक मिळाला तो लढाई सोडून नुसत्या उड्या मारत होता. दुसऱ्याने मला आजोबा म्हणून हिणवलं. (आवाजावरून ओळखलं म्हणे!) तिसरा भट्टीचं दार वर जाताच पळून गेला. शेवटी एकटाच गेलो. मी माझ्या जागेवर, पुढे, मार खात उभा. सवयीने म्हणालो, "हं, आता मारा." मागे कोणी नव्हतं. लोखंड्याने मला भिंतीवर आपटलं आणि माझी वेळ भरली. त्या दिवशी मला तुमचा जितका राग आला तितका जेवणाच्या दिवशीही आला नव्हता.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कालचा प्रकार. गेम उघडला तर टपालपेटी लुकलुकत होती. आत आत्याबाई. पाठवणारे तुम्ही. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. याचा अर्थ काय समजायचा मी? ही चोरीची कबुली असेल तर ती तोंडाने द्यावी. आणि भीक असेल तर मी भीक घेत नाही. मी ती पेटीतच राहू दिली आहे, आणि हे पत्र संपताच परत पाठवणार आहे. हिने विचारलं, त्यांच्याकडे अजून एक आहे का हो? मी म्हटलं, छे, एकच होती. त्यावर ही नुसती भाजी निवडत राहिली. तिच्या त्या भाजी निवडण्याचाही मला राग आला, तोही तुमच्याच खात्यावर मांडतो.

कळावे. लोभाची मागणी सध्या करू नये, ती मंजूर होणार नाही.

आपला (नाइलाजाने),
थोरला साडू

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुमची बंदूक परत पाठवायला म्हणून गेम उघडला. ती पेटीतून घ्यायला जातो तर लाल अक्षरं. या वेळी चष्मा नाकावर होता. लिहिलं होतं, बॅगेत जागा नाही. (हेच का ते अभिनंदन!) मग थोडं भंगार विकावं म्हणून तळावर गेलो. विकायच्या यंत्राला लागूनच तुमचं ते विसरलेल्या मालाचं कपाट. त्यावर दिवा लुकलुकत होता. किती दिवस लुकलुकत होता देव जाणे. उघडलं. आत माझी आत्याबाई. त्याच रविवारची, बॅगेत न मावल्याने राहून गेलेली. हातात घेऊन भिंतीवर एक गोळी झाडली तर इतकी कुरकुरली, इतकी कुरकुरली, की मला चार शब्द बोलायचीही सोय राहिली नाही.

आता मला सांगा, ही काय पद्धत झाली? माणसाची एवढी मोलाची वस्तू कपाटात पडून आहे, आणि कळवायचं कसं, तर एक टिचभर दिवा लावून? मुंगीच्या अक्षरांत? आमच्या खिडकीवर असा कारभार चालला असता तर लोकांनी काचा फोडल्या असत्या. मी कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे.

ता. क. दुसरा. हिने वरचं सगळं वाचलं. आधी पदर तोंडाला लावला, मग तोही पुरला नाही. म्हणते, हे फाडा आणि दोन ओळींचं सरळ लिहा. मी म्हटलं, एवढी पानं खरडली ती काय फाडायला? पत्र जाईल ते असंच जाईल. फक्त धाकटीने मोठ्याने वाचताना "चोर" शब्द येईल तिथे तिथे खोकावं. नाहीतरी खोकला अजून गेलेला नाही असं ही म्हणते.

ता. क. तिसरा आणि कामाचा. आपली एक वस्तू (बंदूक, सोनेरी, कुरकुरणारी) आमच्याकडे जमा आहे. आमच्या खात्याच्या नियमाप्रमाणे जमा वस्तू टपालाने परत केली जात नाही. मालकाने स्वतः यावं लागतं. येत्या रविवारी सकाळी खिडकी उघडी राहील. सोबत धाकटीला आणावं. सोफ्यावर दोघांना पुरेल एवढी जागा करून ठेवली आहे, तुमची मागची, माझी पुढची. मिक्सर दुरुस्त होऊन आला आहे.

ओळखपत्र नसलं तरी चालेल.