तुरुंगाची पहारेकरीण

ताईस नमस्कार,

मी बरी आहे. तुझा खोकला थांबला का?

तुझा भाचा दर रविवारी मित्रांसोबत फासे टाकून सोंगं घ्यायचा खेळ खेळतो. ना संहिता, ना प्रेक्षक. मी जन्मभर शाळेत नाटकं बसवली. "हा कसला डोंबलाचा अभिनय?" म्हणून सुनावलं, तर खेळात मलाच तुरुंगाची पहारेकरीण केलं. हा कैदी.

मी दार उघडेना. तेव्हा हा पन्नाशीचा बाप्या हलकेच म्हणाला, "उघड ना, आता नाही रडणार मी."

नाटकात वाक्यं लेखकाची असतात, ताई. हे त्याचं स्वतःचं होतं, सहा वर्षांचा असतानाचं.

अडगळीच्या खोलीत मी त्याला किती वेळ कोंडायचे? तू तेव्हा घरात होतीस. खरं लिही, धीर देऊ नकोस.

तुझ्या उत्तराला घाबरणारी,
धाकटी