कात्रीची रिकामी जागा

ती. ताईंना,

सादर नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचे गुडघे काय म्हणतात? जिने कमी चढा, असं तुमच्या बंधुराजांनी कळवायला सांगितलंय (लिफ्ट बंद पडली की ते स्वतः पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चहा पीत बसतात).

दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या शिवणाच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणालात, "या पसाऱ्यात आईची कात्री आठ दिवससुद्धा टिकायची नाही," आणि कात्री पिशवीत घालून घेऊन गेलात. त्यानंतर तुमचं पाऊल इकडे वळलं नाही. सासूबाई डावखुऱ्या, त्यांची कात्री डावखुरी, आणि त्यांच्यामागे या घरात डावखुरी मी एकटीच. पण तेव्हा हे सांगायची सोय नव्हती, कारण त्या क्षणी मी खरोखरच मोजायची टेप शोधत होते (ती माझ्या गळ्यात होती). त्याच दिवशी मनाशी ठरवलं, की ही खोली अशी लावीन की ताई बघतच राहतील.

म्हणून यंदा पेगबोर्ड आणला. म्हणजे सगळीकडे सारखी भोकं पाडलेली मोठी फळी. भोकांत हुक घालायचे आणि हुकांवर सामान टांगायचं. सुतार म्हणाला, "बाई, मी लावून देतो." मी म्हटलं, माझं मी बघीन. इथेच माशी शिंकली. हौसेने पिवळ्या रंगाचे तीन हात दिले, वाळल्यावर बघते तर एकही भोक शिल्लक नाही! बंधुराज म्हणाले, छान झालं, आता यावर कॅलेंडर लावू. मी विणायची सुई घेतली आणि सहाशे बारा भोकं एकेक करून मोकळी केली (मोजली, हो, रागात माझं गणित सुधारतं). मग बोर्ड भिंतीला असा घट्ट आवळला की हुक आतच जाईना. हुकाच्या वाकड्या शेपटीला मागे बोटभर जागा लागते म्हणे. सुताराला हे माहीत होतं, आणि त्याने मुद्दाम फोन करून विचारलं, जमलं का? "अगदी झकास," असं ठणकावून सांगितलं आणि चारही स्क्रू काढायला बसले. शेवटी कामाला आली ती दोऱ्याची संपलेली लाकडी रिळं, ज्यांना तुम्ही कचरा म्हणाला होतात. एकेका रिळातून एकेक स्क्रू घातला, बोर्ड भिंतीपासून सुटून ताठ उभा राहिला. मागची फट दिसू नये म्हणून कडेने चौफेर पट्टी ठोकली, वर निळी लेस चिकटवली.

आता प्रत्येक वस्तूची जागा रेघेने आखली आहे. दुधाची पिशवी कापायला कोणी माझी कात्री पळवली, की बोर्ड लगेच चुगली करतो. मधोमध एक जागा मात्र रिकामी आहे. मापाला तुम्ही नेलेली कात्री नव्हती, म्हणून बंधुराजांना म्हटलं, आठवून काढा. त्यांनी एका दमात काढली. मूठ उलटी काढलीत, असं म्हणून मी हसणार, तेवढ्यात लक्षात आलं, सासूबाईंची कात्री तशीच तर होती. अंगठ्याच्या कडीला गुंडाळलेली चिंधीसुद्धा ते विसरले नव्हते. मला भरून आलं. त्यांनाही आलं असावं, कारण ते एकाएकी पंख्यावर किती धूळ आहे ते बघायला लागले.

तुमचा राग आहे तेवढाच लोभही असू द्यावा.

तुमची पसारेवाली भावजय

ता.क. हे पत्र कात्री मागायला लिहिलेलं नाही. (लिहिलंय.) पण ती कुरिअरने पाठवू नका. स्वतः घेऊन या, आणि चार दिवस राहायच्या बेताने या. रोज सकाळी जागेवर आहे का ते तपासा, नसली तर खुशाल परत न्या. दोन वर्षं फार झाली, ताई.

आणखी एक ता.क. येताना स्क्रू ड्रायव्हरही आणा. आमचा मी बोर्डामागे वरच्या रिळावर क्षणभर टेकवला होता आणि पट्टी ठोकून बसले. पट्टी उचकटायची तर लेस फाटेल. बोर्ड काढल्याशिवाय तो निघणार नाही, आणि तो निघाल्याशिवाय बोर्ड निघणार नाही. सुताराकडे मागायला मी मेले तरी जाणार नाही. स्क्रू ड्रायव्हरची जागा मात्र बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात व्यवस्थित आखलेली आहे. हसायचं ते इथे येऊन हसा.