भुंग्याचा पिवळा रंग

सोमवार, ८ जून

पुन्हा तुंबला! छोट्या विमानाचा अर्धा पंख पिवळा झाला आणि एअरब्रश – रंग फवारायची ती पिचकारी – थुंकायला लागला. फुर्र – फुर्र – मग नुसतीच हवा. पंखावर असे ठिपके, की वाटावं विमानाला गोवर आलाय.

आणि नेमके तेव्हाच सासरे चेरी घेऊन दारात. मी घाईनं फडकं टाकलं. "काय जावईबापू, अजून खेळणीच रंगवताय?" विमान कुठलं ते दिसलं नाही, नशीब माझं.

मंगळवार, ९ जून

एकवीस तारखेला कॅलेंडरवर अलोइस हे नाव. म्हणजे सासऱ्यांचा नावदिवस, इकडे तो वाढदिवसासारखाच साजरा होतो. त्यांना त्यांचंच विमान करून देतोय – शेतांवर औषध फवारायचं ते पिवळं, लोक भुंगा म्हणायचे ते. इकडे मोराव्हियात येण्याआधी तिकडे देशाच्या पश्चिमेला सहकारी शेतीवर वैमानिक होते म्हणे. विमानाशेजारी उभं राहून काढलेला एक फोटो आहे, तो आल्यागेल्याला दाखवतात. गावात सगळे त्यांना पायलटसाहेबच म्हणतात. आमच्या लग्नात भाषण केलं ते वाऱ्यावर आणि उंचीवर. शेवटचं एकच वाक्य माझ्यावर – "मुलगी दिली खरी, पण माणूस जमिनीवरचा आहे." सगळे हसले. मीही हसलो, गाढवासारखा.

आता डोळे चाललेत त्यांचे. हिवाळ्यापर्यंत जवळपास काहीच दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बायको, यार्मिला, भांडी घासता घासता रडत होती. म्हणजे हाच नावदिवस. पुढच्या वर्षी देऊन काय उपयोग?

आणि खरं लिहायचं तर – मला त्यांच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचंय. एकदाच.

गुरुवार, ११ जून

मॉडेलवाल्यांच्या क्लबात गेलो. माणसांपेक्षा मतं जास्त! अध्यक्ष ओताकर म्हणाला, हवेचा दाब कमी कर. हिनेक म्हणाला, वाढव. ओताकर म्हणाला, रंग दुधाइतका पातळ हवा. हिनेकनं विचारलं, कुठल्या दुधाइतका, गाईच्या की शेळीच्या? मग अर्धा तास दूध. माझा एअरब्रश कुणी हातातसुद्धा घेतला नाही. ओताकरचा स्वतःचा कधीचा बंद पडलाय. साध्या ब्रशनं रंगवतो आणि त्याला 'जुनी शैली' म्हणतो. नाचता येईना...

शनिवार, १३ जून

दाब कमी केला – थेंब उडतात. वाढवला – रंग एअरब्रशच्या आतल्या सुईच्या टोकावरच वाळतो, पिवळी गाठ धरतो. दोघंही बरोबर. म्हणजे दोघंही बिनकामाचे.

रविवार, १४ जून

लिहायला लाज वाटते.

रंग पातळ करायचं थिनर संपलं, दुकान बंद. हिनेक आलेला. म्हणाला, थिनर म्हणजे शेवटी अल्कोहोलच ना? आणि आम्ही मोराव्हियाची माणसं – घसा दुखो, गुडघा दुखो, लावा स्लिव्होवित्सा! काढली बाटली. सासऱ्यांचीच, त्यांच्याच आलुबुखारांची. थोडी रंगात, थोडी हिनेकला, थोडी मला.

रंगाचं दही झालं! दही परवडलं, निदान खाता येतं. हे रबर. सुई ओढली तर हलेना. हिनेकनं वास घेतला, गंभीरपणे म्हणाला की दारू उत्तम आहे, रंगच हलका असणार. आणि उरलेली बाटली घेऊन गेला. पोचलेला माणूस!

मंगळवार, १६ जून

सगळं सुटं केलं. रंग बाहेर पडतो ते नोझल तांदळाच्या दाण्याएवढं. दिवसभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवलं, मग दातांच्या फटी साफ करायच्या इवल्या ब्रशनं आतून घासलं. हळूच. चीर गेली की संपलं. यार्मिला म्हणाली, मी तापानं फणफणले होते तेव्हा एवढं जपलं नाहीस. खरंच आहे.

निघालं ते रबर. पिवळ्या किड्यासारखं वळवळत बाहेर आलं.

गुरुवार, १८ जून

चाललं! रंग ज्या कंपनीचा, थिनर त्याच कंपनीचं. वाळणं लांबवणारा द्रव त्यात जरासा. रंग यार्मिलाच्या जुन्या पायमोज्यातून गाळला. मधूनमधून ओल्या ब्रशनं सुईचं टोक पुसायचं. एवढंच होतं! आणि आमचे विद्वान शेळ्या दोहत बसले होते.

दोन्ही पंख गुळगुळीत. हात फिरवावासा वाटतो.

शनिवार, २० जून

कॉकपिटमध्ये वैमानिक बसवला. मिशा काळ्या दिल्या, फोटोतल्यासारख्या. बघू उद्या पायलटसाहेब काय खोड काढतात. काढणारच! पंख वाकडा म्हणतील, नाहीतर पिवळा जास्त लिंबाचा म्हणतील.

रविवार, २१ जून

यार्मिला केक आणायला आत गेली तेव्हा म्हाताऱ्यानं विमान डोळ्यांपाशी धरलं. खूप वेळ. मी वाट बघत उभा.

"आत बसलाय तो मी नाही रे," ते म्हणाले. अगदी हळू. "मी कधी वर गेलोच नाही. मी खाली औषध भरायचो. फवारणीच्या नळ्या तुंबल्या की पळत जाऊन साफ करायचो."

आतून यार्मिलानं विचारलं, पायलटसाहेबांना केकचा केवढा तुकडा देऊ?

मी म्हणालो, मोठा दे.